विजेच्या गाडीचे ओझे आणि तिचा सांगाडा

नाशिक रोड स्थानकाच्या फलाटावर उभे राहून मुंबईकडे जाणारी गाडी पाहताना एक गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. गाडीचे इंजिन विजेवर चालते. परंतु ती वीज इंजिनात कोठेही साठविलेली नसते. डोक्यावरून गेलेल्या तारेतून २५ हजार व्होल्ट दाबाने ती क्षणोक्षणी मिळत असते. कसाऱ्याच्या थळ घाटात १९३० च्या सुमारास विजेची इंजिने धावू लागली. तेव्हापासून आजतागायत रेल्वेने विजेचे ओझे पाठीवर घेतलेले नाही. ते ओझे विद्युत केंद्राने आणि तारेने वाहिले. इंजिनाने फक्त गाडी ओढली.

रस्त्यावरील मोटारीला, रिक्षाला किंवा स्कूटरला ही सोय नाही. तिला आपली शिदोरी आपल्याच पाठीवर बांधून निघावे लागते, आणि ही शिदोरी जड असते. विजेच्या वाहनांविषयी सर्वसाधारण चर्चा होते ती किंमत, अनुदान आणि चार्जिंगची केंद्रे यांची. ती योग्यच आहे. तथापि या वाहनांच्या रचनेत गेल्या पाच-सहा वर्षांत जे मूलभूत स्थित्यंतर घडून येत आहे, त्याचे मूळ या ओझ्यात आहे. बॅटरी ही गाडीत ठेवण्याची वस्तू न राहता गाडीच्या सांगाड्याचाच एक भाग होऊ लागली आहे, आणि पोलादाच्या जागी ॲल्युमिनियमसारखे हलके धातू येऊ लागले आहेत. या बदलाने गाडी हलकी होते. परंतु तिची दुरुस्ती कोणी करावयाची, ती कोठे व्हावयाची आणि शेवटी ती मोडीत कशी काढावयाची, हे प्रश्नही त्याबरोबरच बदलतात. शासकीय कार्यालये, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती आता अशी वाहने घेऊ लागल्या असल्याने हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

ओझे किती?

प्रथम साधा हिशेब पाहू. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. एक किलो वजनाच्या बॅटरीत, तिची पेटी, तारा व थंडाव्याची व्यवस्था धरून, एका युनिटाचा सातवा हिस्सा मावला तरी ठीक म्हणावयाचे. डिझेलचे इंजिन त्या ऊर्जेपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, तर विजेची मोटार नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोचविते. हा फरक जमेस धरला तरीही तेवढ्याच कामासाठी बॅटरीचे वजन डिझेलच्या पंचवीसपट भरते. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे तीस किलो. मध्यम आकाराच्या मोटारीतील ४५ युनिटांची बॅटरी म्हणजे तीनशे किलो. चार-पाच धडधाकट माणसे कायमची गाडीत बसविल्याप्रमाणेच हे झाले. शिवाय पेट्रोल जसजसे जळते तसतशी गाडी हलकी होते. बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. मोठ्या बसमध्ये तीनशे युनिटांची बॅटरी असेल, तर तिचे वजन दोन टनांच्या घरात जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाशिककडील लोकांना वजन म्हटले की कसारा घाट आठवतो, आणि एवढे ओझे घाटात कसे चढणार, असा प्रश्न हमखास विचारला जातो. कसारा ते इगतपुरी चढ सुमारे ३०० मीटरचा आहे. शंभर किलो वजन तेवढे उंच उचलण्यास पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने एका युनिटाचा बारावा हिस्साही लागत नाही. त्या विजेत गाडी सपाटीवर जेमतेम अर्धा किलोमीटर चालली असती. उतरताना मोटारच जनित्राचे काम करते आणि त्यातील काही वीज परत बॅटरीत येते. म्हणजे घाट हा खरा अडसर नव्हे. वजनाचा जाच अन्यत्र होतो : टायर लवकर झिजतात, ब्रेक मोठे लागतात, धडकेच्या वेळी शमवावयाची शक्ती वाढते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वजनाला वजन वाढते. बॅटरी जड म्हणून तिला पेलणारा सांगाडा जड, सांगाडा जड म्हणून तेवढ्याच अंतरासाठी बॅटरी आणखी मोठी, आणि बॅटरी हाच गाडीतील सर्वांत महाग भाग. हे चक्र उलट्या दिशेने फिरविता आले, तर प्रत्येक वाचलेल्या किलोमागे आणखी थोडे वजन आणि पैसा वाचतो. अभियंत्यांची सारी धडपड त्यासाठी आहे.

द्राक्षाची पेटी

बॅटरीची रचना समजून घेण्यास नाशिक जिल्ह्यातील वाचकांना दूर जावे लागणार नाही. निर्यातीची द्राक्षे कशी भरतात ते आठवावे. घड पनेटमध्ये, पनेट पुठ्ठ्याच्या पेटीत, पेट्या पॅलेटवर आणि पॅलेट कंटेनरमध्ये. प्रत्येक आवरणाला कारण असते, पण प्रत्येक आवरणाबरोबर कंटेनरमधील द्राक्षांचा वाटा कमी होतो आणि पुठ्ठा, लाकूड व हवा यांचा वाढतो.

आरंभीच्या विजेच्या मोटारींतील बॅटरी नेमकी अशीच भरलेली असे. सुट्या सेलचे गठ्ठे करून त्यांची ‘मोड्यूल’ बनवावयाची, प्रत्येक मोड्यूलला स्वतःची चौकट, झाकण व स्क्रू द्यावयाचे, अशी मोड्यूल एका मोठ्या पेटीत बसवावयाची आणि ती पेटी गाडीच्या तळाशी बोल्टांनी आवळावयाची. या रचनेत पेटीच्या एकूण आकारमानापैकी प्रत्यक्ष सेलांनी व्यापलेली जागा बहुधा चाळीस टक्क्यांच्या आसपास असे. उरलेली जागा आवरणांची. गाडीला स्वतःचा तळ, स्वतःच्या आडव्या तुळया आणि स्वतःची चौकट पुन्हा वेगळी असे. म्हणजे बॅटरीच्या पेटीचे झाकण आणि गाडीचा तळ असे दोन पत्रे एकमेकांवर पडून एकच काम करीत.

पहिली सुधारणा मधले आवरण काढून टाकण्याची. सेल थेट मोठ्या पेटीत बसविण्याची पद्धत चीनमधील कॅटल या कंपनीने २०१९ मध्ये पुढे आणली. मार्च २०२० मध्ये बीवायडी या दुसऱ्या चिनी कंपनीने ‘ब्लेड’ बॅटरी जाहीर केली. तिच्यातील सेल तलवारीच्या पात्यासारखे लांब व पातळ असतात, आणि पेटीत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत शेजारी शेजारी बसविल्यावर ते स्वतःच पेटीच्या तुळयांचे काम करतात. सेलांनी व्यापलेली जागा यामुळे साठ टक्क्यांपर्यंत गेली. या सेलांत लोह-फॉस्फेटाचे रसायन वापरलेले असते. निकेल-कोबाल्टाच्या सेलांपेक्षा ते वजनाच्या मानाने कमी वीज साठविते, पण स्वस्त पडते आणि सहजी पेट घेत नाही. आवरणे वगळल्याने जी जागा वाचली, तिच्यामुळेच हे कमी ताकदीचे पण अधिक सुरक्षित रसायन मोटारींना परवडू लागले. आवरणे काढण्याचा हा लाभ वजनाच्या लाभाहूनही मोठा आहे, असे आमचे मत आहे.

हे तंत्र महाराष्ट्रात येऊन पोचले आहे. महिंद्र कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या मोटारी पुण्याजवळ चाकण येथे तयार होतात. त्यांत ५९ व ७९ युनिटांच्या बॅटऱ्या असून त्यांतील सेल याच ब्लेड पद्धतीचे, लोह-फॉस्फेटाचे आहेत. बॅटरी गाडीच्या तळाशी सपाट पसरलेली आहे. दुचाकीचेही तसेच. एकेकाळी प्रत्येक मध्यमवर्गीय घराचे स्वप्न असलेल्या बजाज ‘चेतक’ची विजेवरील आवृत्ती २०२० च्या जानेवारीत बाजारात आली, आणि डिसेंबर २०२४ च्या तिच्या नव्या मालिकेत ३.५ युनिटांची बॅटरी पाय ठेवण्याच्या फळीखाली नेण्यात आली. त्यामुळे बैठकीखाली सामानास ३५ लिटरांची जागा मोकळी झाली.

ओझरच्या विमानाचा धडा

दुसरी सुधारणा अधिक धाडसाची आहे : पेटीच काढून टाकावयाची आणि बॅटरीलाच गाडीचा तळ करावयाचे. अमेरिकेतील टेस्ला कंपनीने २२ सप्टेंबर २०२० रोजी ही कल्पना जाहीरपणे मांडली, तेव्हा दृष्टान्त दिला तो विमानाचा. तो नाशिककरांना परका नाही. येथून जवळच ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून उभा आहे. मिग आणि पुढे सुखोई-३० ही लढाऊ विमाने तेथे तयार झाली. प्रारंभीच्या काळातील विमानांत इंधनाची टाकी एखाद्या सामानाप्रमाणे धडात ठेवलेली असे. पुढे अभियंत्यांनी पंखाच्या पोकळीलाच सांधे बंद करून टाकी बनविली. पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत झाली आणि टाकी म्हणून वेगळे वजन उरले नाही. सुखोईच्या पंखांत व धडात इंधन असेच भरलेले असते.

मोटारीच्या बाबतीत हे कसे साधते? रेल्वेचा रूळ पाहावा. वर डोके, खाली पाया आणि मध्ये उभी पातळ पट्टी, असा त्याचा छेद असतो. वाकविणाऱ्या जोराला मुख्यतः तोंड देतात ते डोके आणि पाया. मधल्या पट्टीचे काम त्या दोहोंना एकमेकांपासून दूर आणि एकमेकांशी जखडून ठेवण्याचे. बॅटरी सांगाड्याचा भाग होते तेव्हा वरचा पत्रा हे डोके, खालचा पत्रा हा पाया आणि मध्ये दाटीने उभे केलेले, एकमेकांस चिकटविलेले सेल ही मधली पट्टी, अशी एक जाड आणि ताठ फळी तयार होते. सेलांमधील फटी कडक होणाऱ्या फेसाने किंवा डिंकाने भरून टाकतात. गाडीला वेगळा तळ उरत नाही. पुढच्या खुर्च्या थेट बॅटरीच्या झाकणावर बसविल्या जातात. टेस्लाने ३७० सुटे भाग कमी होतील, वजन दहा टक्क्यांनी घटेल आणि पल्ला चौदा टक्क्यांपर्यंत वाढविता येईल, असे त्या वेळी सांगितले होते. हे कंपनीचे आकडे आहेत आणि ते त्याच भावनेने वाचावेत. परंतु २०२२ मध्ये टेक्सास येथील कारखान्यातून अशा गाड्या प्रत्यक्ष बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी बीवायडीनेही बॅटरीचे झाकण हाच तळ असलेली ‘सील’ ही मोटार आणली.

याच्याही पुढची पायरी सध्या प्रयोगशाळेत आहे. स्वीडनमधील चाल्मर्स विद्यापीठात कार्बनच्या धाग्यांचाच विद्युद्ग्र म्हणून उपयोग करणारा पदार्थ तयार करण्यात आला असून तो एकाच वेळी भारही पेलतो आणि वीजही साठवितो. २०२१ मध्ये त्याची साठवण किलोमागे २४ वॅट-तास होती. २०२४ मध्ये ती ३० वॅट-तास झाली आणि त्याचा ताठपणा ॲल्युमिनियमच्या बरोबरीस आला. बाजारातील सेलांच्या तुलनेने ही साठवण अल्पच आहे. मात्र जो पत्रा गाडीला तसाही लागणारच आहे, त्यातून मिळालेली वीज ही वरकड कमाई होय.

ॲल्युमिनियम आणि एसटी

आता धातूंकडे वळू. पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, ॲल्युमिनियम २.७ पट, मॅग्नेशियम पावणेदोन पट. एवढ्यावरून ॲल्युमिनियम वापरल्यास वजन एक-तृतीयांशावर येईल असे वाटते. पण तसे होत नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या एक-तृतीयांश हलके आहे, तसेच ते एक-तृतीयांशच ताठ आहे. त्याच जाडीचा पत्रा घेतला तर तो तिप्पट लवेल. येथे भूमिती मदतीस येते. पत्र्याची जाडी दुप्पट केली की वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. त्यामुळे ॲल्युमिनियमचा पत्रा दीडपटीहून थोडा कमी जाड घेतला की तो पोलादी पत्र्याइतका ताठ होतो, आणि वजन निम्म्यावर येते. निम्मे वजन हाच खरा लाभ. बॅटरीच्या पेटीसाठी ॲल्युमिनियमचा आणखी एक गुण उपयोगी पडतो : ते उष्णता पोलादाच्या सुमारे चौपट वेगाने वाहून नेते. एप्रिल-मे महिन्यांत डांबरी रस्ता तापलेला असताना सेल थंड राखण्याच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे.

तरीही ॲल्युमिनियम म्हणजे प्रगती आणि पोलाद म्हणजे मागासलेपण, असे समीकरण मांडू नये. महाराष्ट्रात याचे उलट उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या लाल गाड्यांचे सांगाडे अनेक दशके ॲल्युमिनियमचे होते. गाडी हलकी, गंज नाही, कार्यशाळेत रिव्हेट ठोकून दुरुस्ती झटपट, हे त्यांचे गुण. परंतु अपघातात हे पत्रे फाटून निघत आणि प्रवाशांना इजा होई. म्हणून २०१७-१८ च्या सुमारास महामंडळाने साध्या पोलादी सांगाड्याच्या गाड्या बांधावयास सुरुवात केली. ओझे वाढले, पण सुरक्षितता मिळाली. दोष धातूचा कमी आणि रचनेचा अधिक होता, हेही नमूद केले पाहिजे. मोटारींतही आज सर्व काही ॲल्युमिनियमचे नसते. प्रवाशांभोवतीचा पिंजरा तापवून दाबलेल्या बोरॉन पोलादाचा असतो, कारण तेथे चेपता कामा नये. पुढचा-मागचा भाग आणि बॅटरीच्या कडा ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांच्या असतात, कारण तेथे चेपत चेपत धक्का शोषला जावयास हवा. मॅग्नेशियमचा उपयोग अजून डॅशबोर्डमागील चौकटीसारख्या आडोशाच्या जागीच होतो. कोकणच्या खाऱ्या हवेत तो फार काळ टिकाव धरणारा धातू नव्हे.

दोन धातू एकत्र आले की आणखी एक अडचण उभी राहते. ॲल्युमिनियमला पोलादी बोल्ट लावला आणि सांध्यात पावसाचे पाणी शिरले, तर तेथे नकळत एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ती ॲल्युमिनियम खात बसते. नेहमीच्या स्पॉट वेल्डिंगने हे दोन धातू नीट जोडलेही जात नाहीत. यास्तव डिंक, विशेष रिव्हेट आणि मध्ये विलग करणारा थर, अशी जोडणी करावी लागते. गॅरेजमध्ये गॅसची शेगडी आणि हातोडी घेऊन बसलेल्या कारागिराचे कौशल्य येथे अपुरे पडते.

ॲल्युमिनियमचा हलकेपणा फुकट मिळत नाही, याचीही जाणीव ठेवावयास हवी. धातुकापासून एक किलो ॲल्युमिनियम विद्युत-पृथक्करणाने काढण्यास तेरा ते पंधरा युनिट वीज लागते. शंभर किलोला साधारण १,४०० युनिट. एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रातून ही वीज येत असेल, तर गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीच तिच्या नावावर धुराचे कर्ज चढलेले असते. भंगारातून वितळवून काढलेल्या ॲल्युमिनियमला मात्र याच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा पुरते. म्हणून हलक्या गाडीचा हिशेब शेवटी तिच्या भंगारापाशी येऊन ठेपतो.

सातपूर-अंबडचा प्रश्न

नाशिकच्या सातपूर व अंबड वसाहतींतील शेकडो लहान कारखाने मोटार उद्योगाला दाबलेले, कापलेले व जोडलेले सुटे भाग पुरवून उभे राहिले आहेत. विजेच्या गाडीत इंजिनाचे भाग लागणार नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे आणि अनेकांनी तशी तयारीही चालविली आहे. परंतु सांगाड्यातील बदलाकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. टेस्लाने सहा हजार टन दाबाच्या यंत्रावर गाडीच्या मागील तळाचा संपूर्ण भाग ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामात काढण्यास सुरुवात केली, तेव्हा पूर्वीच्या सुमारे सत्तर भागांची जागा एका भागाने घेतली. सत्तर भाग म्हणजे सत्तर साचे, त्यांवर चालणारे प्रेस आणि ते चालविणारे हात. आपल्याकडे एवढी मोठी यंत्रे सर्रास येतील असे मानण्याचे कारण नाही, कारण त्यांना वर्षाकाठी लाखांनी गाड्यांचा खप लागतो. तथापि भाग कमी करण्याची दिशा निश्चित आहे. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या, थंडाव्याचे पत्रे आणि बॅटरीची झाकणे या वस्तूंत लहान कारखान्यांना वाव आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी ॲल्युमिनियमचे जोडकाम आणि उच्च दाबाच्या विजेची सुरक्षा हे दोन विषय आजच हाती घेतले, तरी ते लवकर झाले असे म्हणता येणार नाही.

उघडावयाची कोणी?

मध्यंतरी जेलरोडवरील एका गॅरेजमध्ये आम्ही एक विजेची स्कूटर पाहिली. गतिरोधकावर तळ घासून बॅटरीच्या पेटीला खालून पोचा आलेला होता. स्कूटर चालत होती. कारागीर वाकून वाकून पाहत होता, पण पाना लावावयास धजत नव्हता. ‘पत्रा असता तर ठोकून दिला असता, पण आत काय दुखावलंय ते मला दिसत नाही,’ असे तो म्हणाला. मालकाने अधिकृत केंद्रात विचारले असता संपूर्ण बॅटरीच बदलावी लागेल, असे उत्तर मिळाले होते. सांगितलेली रक्कम स्कूटरच्या निम्म्या किमतीच्या जवळपास होती.

कारागिराची भीती अनाठायी नव्हती. दुखावलेला सेल आतल्या आत तापू लागला तर शेजारच्या सेलांना पेटवितो, आणि ही साखळी सुरू झाली की पाण्याने आवरणे फार कठीण जाते. ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिकमध्येच एका कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या चाळीस विजेच्या स्कूटरांपैकी वीस जळून गेल्या. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. त्या उन्हाळ्यात देशात अशा अनेक घटना घडल्या. त्यानंतर केंद्र शासनाने बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके कडक केली. सुधारित मानकांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एका सेलमधील आग पसरते किंवा कसे, याची चाचणी त्यांत अंतर्भूत आहे.

सांगाड्यात गुंफलेल्या बॅटरीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मोड्यूलांच्या बॅटरीत एक मोड्यूल बिघडले तर तेवढेच काढून दुसरे बसविता येत असे. फेसाने जखडलेल्या सेलांतून एक सेल बाहेर काढणे जवळजवळ अशक्य. अमेरिकेत अशी बॅटरी फोडून पाहणाऱ्या तज्ज्ञांनाही तासन् तास फेस खरवडावा लागला. कडेने बसलेली धडक पूर्वी दार आणि उंबरा यांवर निभावत असे. आता तिचा संशय थेट बॅटरीवर जातो, आणि विमा कंपनी गाडी दुरुस्त करण्याऐवजी मोडीत काढणे पसंत करते. याउलट तिचाकी रिक्षा आणि काही स्कूटरांत बॅटरी चटकन काढून दुसरी बसविण्याची पद्धत रूढ होत आहे. तेथे बॅटरी मुद्दामच सुटी ठेवलेली असते. थोडे वजन अधिक, पण मोकळीक मोठी. ग्रामीण भागातील छोट्या वाहनांसाठी हीच रचना अधिक सोयीची ठरेल, असे आम्हांस वाटते. पातळ आणि अखंड तळाची किमया महामार्गावर दीर्घ पल्ल्याने धावणाऱ्या मोटारीस शोभते.

मोडीत काढण्याच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र शासनाने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम जारी केले. त्यांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची आणि त्यांतील धातू पुन्हा मिळविण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकण्यात आली आहे. वाहनांच्या बॅटऱ्यांतील साहित्यापैकी २०२६-२७ पासून किमान नव्वद टक्के परत मिळविले गेले पाहिजे, असा दंडक आहे. जी वस्तू उघडण्यासाठीच केलेली नाही, तिच्यातून नव्वद टक्के बाहेर काढावयाचे, हे काम कागदावर दिसते तितके सोपे नाही. भंगारवाल्याने अशी बॅटरी छिन्नीने फोडू पाहणे तर प्राणघातक ठरेल. गावोगावच्या भंगार दुकानदारांपर्यंत ही सूचना ग्रामपंचायतींनी पोचविणे अगत्याचे आहे.

खरेदी करताना

राज्य शासनाने जुलै २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण जाहीर केले आणि १ जानेवारी २०२२ पासून शासकीय उपयोगासाठी घ्यावयाची नवी वाहने विजेवरील असावीत, असे ठरविले. २०२५ मध्ये त्यापुढील पाच वर्षांसाठी नवे धोरण आले असून समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू या मार्गांवर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना पथकरातून सूट देण्याचे त्यात ठरले. खरेदी वाढणार हे उघड आहे.

अशा वेळी दरपत्रकात किंमत आणि पल्ला यांखेरीज काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. बॅटरी मोड्यूलांची आहे की अखंड? एक भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो काय, आणि त्याची किंमत किती? तळाला पोचा आल्यास तो हमीत बसतो की मालकाच्या माथी येतो? जमिनीपासून तळाची उंची किती? बॅटरी खाली पसरल्याने ही उंची घटते, आणि आपल्या वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर ती बाब पल्ल्याइतकीच मोलाची आहे. सांगाड्यात ॲल्युमिनियम असल्यास त्याचे जोडकाम करणारी कार्यशाळा जिल्ह्यात आहे काय? मुदत संपल्यावर बॅटरी कोण परत नेणार, आणि नेण्याचा खर्च कोणाचा? सुरगाण्याच्या आरोग्य केंद्राची गाडी बंद पडली, तर ती ओढून आणता येत नाही; चाके जमिनीवर फिरत राहिल्यास मोटार वीज निर्माण करू लागते, म्हणून ती सपाट ट्रकवर चढवूनच आणावी लागते. सुरगाणा ते नाशिक अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. त्या ट्रकचे भाडे कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावयाचे, हे गाडी घेण्यापूर्वीच ठरवून ठेवलेले बरे.